ठाकूरवाडीची रांग

सुमती गेल्याचं मला कचेरीत कळलं. भिसेगावच्या शाळेतला शिपाई दारातूनच म्हणाला, "मास्तरीणबाई गेल्या." तापाचं निमित्त झालं... त्याला आता दीड महिना होईल. सुमती माझी मावसबहीण. मी कर्जतच्या मामलेदार कचेरीत कारकून, त्यामुळे तिच्या उद्योगांची झळ मला बसायचीच.

लढाईच्या दिवसांत रेशनच्या दुकानावर पळसदरीकडच्या ठाकूरवाडीतल्या ठाकर आदिवासींना बाजूला बसवत. गावकऱ्यांचं आटोपलं की उरलंसुरलं त्यांना. पुष्कळदा रिकामी पिशवी घेऊन ते परतत. सुमतीनं एकदा भर बाजारात दुकानदाराला फैलावर घेतलं. बोलली उत्तम, टाळ्याही पडल्या. दुसऱ्या दिवसापासून वाडीतल्या कुणालाही शेतावर काम मिळेना. आसपासची भातखाचरं दुकानदाराची नाहीतर त्याच्या सोयऱ्यांची. समजूत घालायला ती वाडीवर गेली, तेव्हा बारकी नावाची ठाकरीण तिला म्हणाली, "बाय, बोललीस तू, उपाशी आमी. आमाला इचारलं व्हतंस का?"

हे तिनंच मला सांगितलं, खाली मान घालून. "दादा, मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं रे."

मी म्हटलं, सोड हा नाद. तिनं भाषणं तेवढी सोडली. दर रविवारी वाडीवर जाऊन नुसती ऐकत बसायची. मग ऐन भातलावणीत, शेतांवर पुन्हा बोलावणं आल्यावर, वाडीतली वीसेक माणसं कचेरीत आली. वेळ त्यांनीच निवडली होती. त्या दिवसांत त्यांच्या हातांवाचून कुणाचंच चालणार नव्हतं. सुमती मागे भिंतीशी उभी होती. मामलेदारांनी तिलाच विचारलं, "बोला बाई, काय तक्रार आहे?"

"माझी नाही साहेब. बारकीबाई सांगतील."

बारकी पुढे झाली. "सायेब, कारड तेंचं नि आमचं येकच हाय. मग आमी बाजूला का?"

संध्याकाळी एकाच रांगेचा हुकूम निघाला. दुकानदार वजनात मारायचा तो मारतच राहिला. कामावरून मात्र या वेळी कुणाला काढलं नाही.

मी या सगळ्यात काही केलं नाही, हेही लिहायला हवं.

गेल्या आठवड्यात बारकी माझ्या घरी आली. वाडीवर शाळा हवी, म्हणून अर्ज लिहून हवा होता. मी कागद ओढला आणि सवयीनं सुरुवात केली, 'आम्ही गरीब, अडाणी लोक...'

"काय लिवलंस, भाऊ?"

वाचून दाखवलं.

"अडानी नको. बाय आदी इचारायची, मंग लिवायची."

मी तो कागद फाडला, दुसरा घेतला आणि तिला विचारलं.