मॅडमचा आवाज बसतो तेव्हा

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"वेअरहाउस मॅनेजर आहे," विद्या घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"दिवसभरात बोलणं किती होतं?"

"फारसं नाही," ती म्हणाली. मी छताकडे बघितलं.

ठाण्यातल्या त्या कान-नाक-घसा तज्ज्ञ बाईंनी नुकतीच माझ्या बायकोची लॅरिंगोस्कोपी केली होती. यात नाकातून बारीक लवचीक नळी घालून स्वरयंत्र बघतात. दुखत नाही, पण डोळ्यांत पाणी येतं. पडद्यावर मला तिचे स्वरतंतू दिसले. इतकी वर्षं ज्यांचं ऐकत आलो, त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. दोन पांढरट पट्ट्या, आणि उजवीवर खडबडीत चट्टा.

"याला ल्युकोप्लाकिया म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "पांढरा चट्टा, एवढाच त्याचा अर्थ. साधा असू शकतो, कॅन्सरची सुरुवातही असू शकते. काढून बायोप्सीला पाठवू, म्हणजे नक्की कळेल. आवाज परत येईल, पण कसा येईल ते आज सांगता येणार नाही."

"सोमवारी ऑडिट आहे," विद्या म्हणाली. "त्यानंतर केलं तर?"

"ऑडिटला मी चिठ्ठी देऊ का?"

विद्या शीळफाट्याजवळच्या एका मोठ्या गोदामाची प्रमुख आहे. मी कल्याणच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. तिथे 'शांतता राखा' अशी पाटी होती. ठाकुर्लीच्या आमच्या घरात ती लावायचं धाडस मला कधी झालं नाही.

तिचा आवाज दिवाळीच्या गर्दीत बसला होता. आलं, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, सगळं करून झालं. तुमच्या घरात कोणी साहेब किंवा मॅडम असतील, तर एवढं लक्षात ठेवा: बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर काढे बंद करा आणि घसा दाखवा. ते स्वतःहून जाणार नाहीत. त्यांना सोमवारी काहीतरी असतंच.

त्याच सुमारास तिच्या कंपनीने अधिकाऱ्यांसाठी स्वास्थ्य सप्ताह साजरा केला. निमंत्रणावर डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा राहिलेला माणूस होता. विषय, नेतृत्व करणाऱ्याने आधी स्वतःला जपावं. सत्र रविवारी सकाळी, हजेरी सक्तीची.

ऑपरेशनपर्यंत कमी बोला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. विद्या मोठ्या निष्ठेने कुजबुजू लागली. फोनवर, मीटिंगमध्ये, गाड्या भरायच्या डॉकवर, दिवसभर. तपासणीला गेल्यावर हे तिने अभिमानाने सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कुजबुजण्याने तंतूंवर जास्त ताण येतो. याच्यापेक्षा तुम्ही ओरडला असतात तरी चाललं असतं."

तिच्या गोदामात एक रीत आहे. संध्याकाळची गाडी भरली, सील लागलं, कागद झाले, तरी गाडी हलत नाही. डॉकवरचे सुपरवायझर पाटील तिला फोन लावतात. ती एकदोन प्रश्न विचारते आणि म्हणते, "सोडा गाडी." मगच गाडी सुटते. असा नियम कुठेही नाही, पण सही कोणाचीही असली तरी ड्रायव्हरचा विश्वास तिच्या आवाजावर. आमच्या मुलीच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना हा फोन आला होता. तिने गाडी सोडली, मग अक्षता टाकल्या.

ऑपरेशनचं नाव मायक्रोलॅरिंगोस्कोपी. पूर्ण भूल देतात आणि तोंडातूनच, सूक्ष्मदर्शकाखाली चट्टा काढतात. बाहेरून टाका नाही. मी बाहेर बाकावर बसून एक कादंबरी वाचत होतो. तिच्यात काय होतं, हे आजही सांगता येणार नाही. डॉक्टर आल्या. "नीट झालं. आता रिपोर्टची वाट बघायची. आणि पूर्ण मौन. 'हं'सुद्धा नाही."

घर शांत झालं. मला वाटलं होतं, हे सुख मला मानवेल. दुसऱ्याच दिवशी मी विनाकारण मिक्सर साफ करायला घेतला, तोही चालू करून बघत.

रिपोर्ट यायचा होता तेव्हाच पाटील आणि तिचा तरुण सहायक प्रशांत शहाळी घेऊन भेटायला आले. विद्या बोलत नव्हती, म्हणून आदराने तेही बोलेनात. सोफ्यावर दोघं हात जोडल्यासारखे बसले. शोकसभेला साजेशा शांततेत चहा झाला. मी हवापाण्याविषयी बोलून पाहिलं. प्रशांतने नुसती मान हलवली.

एवढ्यात डॉकवरून पाटलांना फोन आला. ते घाईने गॅलरीत गेले आणि तिथून आवाज आला, "हां, सील बघितलंत ना? मग सोडा गाडी."

विद्याचाच आवाज. पूर्वीचा, स्वच्छ, खणखणीत.

प्रशांत उभाच राहिला. "सॉरी मॅडम. जुना व्हॉइस मेसेज आहे. चेकिंग मी आणि पाटील करतो, पण ड्रायव्हर लोक ऐकतच नाहीत. मग रोज हाच लावतो. सगळ्या गाड्या वेळेवर सुटल्यात, खरंच."

मला हसू फुटलं. विद्याच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. तिने मोबाइलवर लिहून पाटलांपुढे धरलं: 'मला पाठवा तो.'

ते गेल्यावर ती तो मेसेज कानाला लावून बसली. पुन्हा लावला, पुन्हा ऐकला. असा आवाज आता यातच उरला असेल तर, हे ती लिहीत नव्हती आणि मी विचारत नव्हतो. मी शेजारी बसलो. तिने माझा हात धरला.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. "पण दर काही महिन्यांनी दाखवायचं," डॉक्टर म्हणाल्या, "आणि बोलणं औषधासारखं, थोडं थोडं." मला त्या बाईंचे उपकार मानायचे होते. मी नुसतंच "बरं" म्हणालो.

घरी आल्यावर विद्या पहिलं वाक्य बोलली, "तू चहात साखर फार घालतोस. इतके दिवस सांगता येत नव्हतं." आवाज खर्जातला, थोडा फाटलेला. असाच राहील बहुधा. मला तो फार आवडला.

संध्याकाळी पाटलांचा फोन आला. मॅडम आता बोलतात, ही बातमी पोचली होती.

"हॅलो," विद्या म्हणाली.

"ताई, जरा मॅडमना द्या ना. गाडी उभी आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन सांगणार, तर तिने हाताने थांबवलं.

"मॅडम चहा पितायत," ती म्हणाली. "त्या विचारतायत, सील तुम्ही बघितलंत का?"

"मी बघितलं, प्रशांतनेपण बघितलं."

"मग तुम्हीच सांगा म्हणाल्या, सोडा म्हणून. यापुढेही."



"मॅडम असं बोलल्या?"

"हो."

"तब्येत बरी आहे ना पण त्यांची?"

"बरी आहे," विद्या म्हणाली.