अंतर्जातीय बुट्टबंती

नोकरीच्या अर्जात मी 'तेलुगू येतं' असं लिहिलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. बाजारात वांगी घेण्यापुरतं, बसमध्ये जागा मागण्यापुरतं मला तेलुगू येत होतं. अक्षरंही मी ओळखायचो. फक्त अक्षरांचा मिळून शब्द झाला, की माझी आणि त्याची ओळख तुटायची.

आदिलाबाद जिल्ह्यात, बोथकडच्या एका शाळेत मी नवा मास्तर होतो, शिकवायचो मराठी वर्गांना. आंध्र सरकारने तालुके मोडून मंडलं केली, त्याला दोनेक वर्षं झाली असतील. माझं प्रोबेशन संपत आलं होतं आणि नोकरी पक्की व्हायला एकच गोष्ट आडवी होती. मला तेलुगू येतं, असं शिक्षण खात्याच्या साहेबांनी कागदावर लिहून द्यायला हवं होतं. हेडमास्तरांनी तोडगा काढला. साहेब शाळेत एका उद्घाटनाला येणार होते. त्यांच्यासमोर मी तेलुगूत पाच मिनिटं बोलायचं, ते ऐकतील, सही करतील.

"सब्जेक्ट इसमें लिखा है," म्हणत त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. "समझ में आया ना?"

"आया सार," मी चिठ्ठी न उघडताच म्हणालो. ते त्याच दुपारी मीटिंगला आदिलाबादला निघून गेले.

घरी येऊन मी एकेक अक्षर जुळवलं. 'अंतर्जातीय पोटील्लो भारत बुट्टबंती जट्टु चरित्र.' आता यात न कळण्यासारखं काय होतं? अंतर्जातीय म्हणजे आंतरजातीय. चरित्र म्हणजे चरित्र. बुट्टा म्हणजे टोपली, आणि बंती म्हणजे झेंडू. दसऱ्याच्या बाजारात बायका 'बंती, बंती' ओरडत झेंडूच विकतात. राहिला जट्टु. तो शब्द मला जोडीसारखा वाटला, म्हणून मी त्याचं जोडपं केलं. पोटील्लोचं काही जमेना, ते सोडून दिलं. आंतरजातीय जोडप्यांचं चरित्र, सोबत टोपलीभर झेंडू. सरकार अशा लग्नांना मदत देतं हे मला ठाऊक होतं. साहेबांच्या हस्ते एखाद्या जोडप्याचा सत्कार असणार.

शाळेच्या मैदानात ड्रिल मास्तर दोन खांब पुरून घेत होते, तेही मी पाहिलं होतं. मांडवाचेच असणार.

बायकोचं माहेर नेरडीगोंड्याकडचं, त्यांच्या बांधावर झेंडू असायचा. तिला म्हटलं, टोपलीभर मागवून घे.

"काऊन जी? सरकारले झेंडू कायले पाह्यजे?"

"लग्न लावून राह्यले साहेब."

"कोनाचं?"

"ते काई लिहेल नाई."

"तुमाले वाचता आलं नसन," ती म्हणाली. आमच्या संसारात ती फार वेळा बरोबर निघाली आहे, पण हे मी तिला कधी कळू दिलेलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी टोपली घेऊन मैदानावर पोचलो, तर दोन्ही खांबांना फळ्या आणि फळ्यांना लोखंडी कडी. कोणत्या रीतीचं लग्न असावं, ते कळेना. जोडपंही दिसत नव्हतं. ड्रिल मास्तर नवा पांढरा बूट घालून उभे होते. हे बेल्लमपल्लीचे, खाणकामगाराचा मुलगा, सहा फूट उंच. क्षणभर वाटलं, नवरदेव हेच की काय. पण त्यांना तीन मुलं होती.

माझं नाव पुकारलं. पेळ्ळी म्हणजे लग्न, हा शब्द मला पक्का येत होता. मी तेलुगूत सुरुवात केली, की आपल्या मुलामुलींनी अंतर्जातीय पेळ्ळी केली पाहिजे. समोरचे गावकरी एकमेकांकडे बघायला लागले. हेडमास्तरांनी चष्मा काढला.

साहेब पुढे वाकून म्हणाले, "ए देशम?" म्हणजे, कोणता देश?

लग्नाला देश कशाला, मला उलगडेना. "मन देशमे, सार," मी म्हणालो. आपलाच देश. साहेब माझ्याइतकेच गोंधळलेले दिसले आणि तेवढाच मला धीर आला. आणखी चार वाक्यं बोलून मी खाली बसलो.

मग साहेब उठले, कड्याखाली गेले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "बंती इव्वंडी." बंती द्या. चला, एवढं तरी कळलं. मी टोपलीतला सगळ्यात मोठा झेंडू निवडून त्यांच्या तळहातावर ठेवला. साहेबांनी झेंडूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो कड्यात फेकला. आरपार गेला. टाळ्या पडल्या. तेव्हा ड्रिल मास्तर मागून, काखेत नवाकोरा चेंडू धरून, माझ्या कानाशी आले. "सार, बंती बोले तो बॉल. बास्केटबॉल. अंतर्जातीय पोटील्लो बोले तो इंटरनॅशनल मॅच में. आपको इंडिया टीम की हिस्टरी बोलना था."

जट्टु म्हणजे संघ. चरित्र म्हणजे इतिहास. एका ओळीत इतके ओळखीचे चेहरे, आणि एकही आपला माणूस नाही.

साहेबांनी माझ्या कागदावर तेलुगूत दोन ओळी लिहिल्या. त्या मला वाचता आल्या नाहीत. ड्रिल मास्तरांनी वाचल्या, "प्रोबेशन एक साल बढ़ाया. वजह लिखे हैं, बंती."

पुढे वर्षभर ड्रिल मास्तर मला शाळा सुटल्यावर त्या कड्याखाली उभं करून शिकवत राहिले. आधी शब्द, मग इतिहास. आशियात आपण एकदा चौथे आलो होतो. ऑलिम्पिकला एकदाच गेलो, मॉस्कोला. तेही किती तरी देशांनी बहिष्कार घातला म्हणून आपल्याला वाट मिळाली. तिथे सगळे सामने हरलो. दिल्लीच्या एशियाडमध्येही पदक नाही. मॉस्कोचं सांगताना ते मात्र एकेका हरलेल्या सामन्यावर असे रंगायचे, की आपण नक्की हरलो ना, हे मला पुन्हा विचारावं लागायचं.

"हारे, सार. मगर खड़े थे ना सामने," ते म्हणायचे आणि चेंडू माझ्याकडे फेकायचे. तो मला एकदाही झेलता आला नाही.

पुढच्या वर्षी तेच साहेब आले. झेंडू मी घरीच ठेवले. मॉस्कोपर्यंत नीट पोचलो, एकेक सामना तेलुगूत हरलो, दिल्लीही आटोपली. साहेबांनी पेन उघडलं, पण सही करेनात. माझ्याकडे बघत, चेहरा अगदी गंभीर ठेवून त्यांनी विचारलं, "ए देशम?"

"मन देशमे, सार," मी म्हणालो.

त्यांनी सही केली.