गरम पाण्याचे भगवंतराव

वाशीमहून अनसिंगकडे निघालं की शहर मागे पडता पडता डाव्या हाताला एक भाजीचा मळा लागतो. मळ्याच्या तोंडाशी पत्र्याच्या छपराची लांबट खोली आहे आणि सकाळी तिच्या पायऱ्यांवर चपलांची गर्दी असते. आत तनुजा नावाची फिजिओथेरपिस्ट गुडघे, कंबर, खांदे धरलेल्या माणसांकडून व्यायाम करून घेते. रिक्षावाल्याला केंद्राचं नाव सांगितलं तर तो दोनदा विचारतो. "गरम पाण्याचे भगवंतराव" म्हटलं की लगेच रिक्षा सुरू करतो.

भगवंतराव म्हणजे तनुजाचे सासरे. साठी ओलांडलेले, उंच, किडकिडीत. सगळं आयुष्य भाजीत गेलं. पालक, मेथी, वांगी, इकडे सांबार म्हणतात ती कोथिंबीर उजाडायच्या आत तोडायची आणि मोटरसायकलला दोन्हीकडे पोती बांधून वाशीमच्या बाजारात न्यायची. गिऱ्हाईक त्यांची वाट पाहत थांबायचं, कारण त्यांच्या भाजीवर फवारणीचं औषध नसायचं.

याला कारण होतं. तरुणपणी ते कपाशी लावत. एकदा नाकातोंडाला साधा रुमालही न बांधता फवारणी करत असताना वारा फिरला आणि औषध सगळं तोंडावर आलं. ते तासातच कोसळले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा मुलगा दिनेश नुकताच चालायला लागला होता.

"पोरगं धावत पायाशी आलं," ते सांगत, "पण म्या त्याले उचलून नाही घेतलं. वाटे, माह्या आंगाचं औषध त्याले लागंल."

नंतर त्यांनी फवारणीचा पंप देऊन टाकला. कपाशी सोडली, भाजी धरली, आणि शेणखत, गोमूत्र, कडू पाल्याचा अर्क यांवर मळा उभा केला. डब्यावर धोक्याची खूण असलेली कुठलीही वस्तू पुन्हा घरात येणार नाही, असं त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. ती पुढे आली ती त्यांच्या बायकोच्या गुडघ्यांमुळे.

कस्तुराबाईंचा जन्म उकिडवं बसून निंदण्यात आणि जुड्या बांधण्यात गेलेला. गुडघे इतके धरले की खाली बसलं तर उठायला कुणाचा तरी हात लागे. तनुजा लग्न होऊन आली तेव्हा वाशीममध्ये भाड्याच्या खोलीत काम करायची. तिनं सासूला अकोल्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं गरम पाण्याच्या टाकीत उतरवून व्यायाम देत. कस्तुराबाई पाण्यात उभ्या राहिल्या आणि पाय सहज वर आला.

"पोरी," त्या परतीच्या वाटेत म्हणाल्या, "पाय माहा नसल्यावाणी हलका झाला वं!"

दर आठवड्याला अकोला गाठणं जमणारं नव्हतं. दिनेश वाशीमच्या शाळेत शिक्षक होता. त्यानं आणि तनुजानं मिळून मळ्यातच खोली बांधायची आणि तिथं टब बसवायचा असं ठरवलं. टब ट्रकवरून उतरला तेव्हा आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं बघायला आली. पाचसहा जण आरामात बसतील एवढा मोठा, पाणी कोमट-गरम ठेवणारा, आणि बाजूंच्या छिद्रांतून पाण्याचे जोरदार फवारे सोडणारा. दिनेशनं कठडा आणि रुंद पायऱ्या करून घेतल्या.

मग प्रश्न आला, पाणी कोण सांभाळणार? दिनेश शाळेत, तनुजा रुग्णांत.

"पाण्याचं मी पायतो," भगवंतराव म्हणाले. "जिंदगीभर दुसरं काय केलं?"

"मामाजी, विहिरीच्या पाण्यासारखं नाही हे," तनुजा म्हणाली. "हे गरम राहतं. त्यात माणसं बसतात. घाम, तेल, सगळं त्यात उतरतं. जंतूंना असं ऊबदार पाणी फार आवडतं. रोज क्लोरीन टाकावं लागेल."

क्लोरीनचा डबा तिनं समोर ठेवला. वर धोक्याची खूण होती. भगवंतराव डब्याकडे बघत राहिले, पण आता शब्द दिला होता. तनुजानं त्यांना हातमोजे, चष्मा, मास्क दिला आणि कागदाच्या पट्ट्या दाखवल्या. पट्टी पाण्यात बुडवायची. एक चौकोन क्लोरीनचा, तो जांभळा व्हायला हवा. दुसरा पीएचचा, तो केशरी यायला हवा. दोन्ही रंग बरोबर आल्याशिवाय कुणाला पाण्यात उतरू द्यायचं नाही.

भगवंतरावांनी मान डोलवली. पण मापाचा चमचा भरला की त्यांचा हात आपोआप थांबे. त्या पाण्यात कस्तुरा उतरणार, गावातल्या म्हाताऱ्या उतरणार. ते चमचा डब्याच्या काठावर झटकत आणि निम्मंच औषध पाण्यात टाकत. पट्टी जांभळी न होता फिक्कट गुलाबी निघायची, आणि त्यांना ते फिक्कटपण बरं वाटायचं.

"पट्टी बरोबर आली ना, मामाजी?" तनुजा पलीकडून विचारायची.

"हाव, हाव."

शेजारच्या मळ्यातले शालिग्राम हे त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. कंबर धरल्यामुळे तेही टबात यायला लागले. गप्पांचे शौकीन. गळ्यापर्यंत पाण्यात बसून ते बाजारभावापासून सोयरिकीपर्यंत सगळं बोलत. पंधरवड्यानं एके दिवशी ते नाक मुरडून म्हणाले, "भगवंता, लेका, औषध लय टाकून राह्यला तू. कसा वास येऊन राह्यला पाह्य!"

वास खरंच उग्र येत होता. पाणीही किंचित गढूळ, वर पांढरा फेस. भगवंतरावांना वाटलं, निम्मं औषधही जास्तच होतंय. दुसऱ्या दिवशी त्यांनी चमच्याच्या टोकावर मावेल तेवढंच टाकलं. वास आणखी वाढला.

आणि मग शालिग्राम सदरा वर करून तनुजासमोर उभे राहिले. पोटावर, पाठीवर, आणि सगळ्यात जास्त जिथं चड्डीचा ओला कपडा चिकटून होता तिथं, लाल पुटकुळ्या उठल्या होत्या. तनुजानं बघितलं आणि आधी टबावर झाकण टाकून त्याला कुलूप लावलं. शालिग्रामांना तिनं वाशीमला कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं की गरम पाण्यातल्या जंतूंमुळे असं होतं, घाबरायचं कारण नाही, बरं होईल.

संध्याकाळी तनुजानं स्वतः पट्टी बुडवली. क्लोरीनचा चौकोन कोरा पांढरा निघाला.

"मामाजी, औषध जास्त नाही, कमी पडलं," ती हळूच म्हणाली. "तो वास क्लोरीन संपत आल्याचा होता. पुरेसं असलं की ते घाम-तेल जाळून टाकतं, मग फारसा वास राहत नाही. कमी पडलं की अर्धवट जळतं आणि असं नाकात जातं."

भगवंतरावांनी ती कोरी पट्टी हातात घेतली. ज्या माणसासोबत विटीदांडू खेळले, त्याच्या अंगावर आपल्या पाण्यानं पुटकुळ्या उठवल्या, हे त्यांच्या जिवाला लागलं. रात्री जेवले नाहीत. सकाळी कुणी उठायच्या आत, आज भरपूर औषध टाकून पाणी साफच करतो, म्हणून ते मळ्यातल्या खोपीत गेले.

क्लोरीनचा डबा त्यांनी खोपीतच ठेवला होता, गोमूत्राच्या ड्रमाशेजारी. मापाचा चमचा सापडेना, म्हणून हाताला आला तो प्लास्टिकचा मग घेतला. तो मग गोमूत्र काढायचा होता आणि बुडाशी थोडं उरलेलं होतं. त्यांनी डबा तिरपा करून क्लोरीन त्यात ओतलं.

चर्र आवाज आला. हातातला मग गरम झाला आणि एक झणझणीत वाफ थेट तोंडावर आली. डोळे मिटले, श्वास अडकला. मास्क, चष्मा खुंटीवरच होते. नशीब एवढंच की दार उघडं होतं. त्यांनी तो मग तिथंच टाकला आणि भिंत चाचपत बाहेर आले. वांग्यांच्या वाफ्यापाशी खोकत खोकत खाली बसले.

कस्तुराबाईंनी खोकला ऐकला. गुडघ्यांचं भान न ठेवता त्या ओट्यावरून उतरल्या. "तनुजा! दिनेश! तुमच्या बाबाले पाहा रे!"

तनुजानं आधी त्यांना खोपीपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेलं. दिनेश खोपीकडे धावला तसा ती ओरडली, "आत जाऊ नका! दार उघडंच राहू द्या, वाफ निघून जाऊ द्या." मग नळीच्या धारेखाली भगवंतरावांचे डोळे बराच वेळ धुतले आणि दिनेशच्या गाडीवरून त्यांना वाशीमच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, दुपारपर्यंत ठेवून घेतलं आणि घरी सोडलं. फार थोडक्यात वाचलात, म्हणाले.

घरी आल्यावर कस्तुराबाईंनी बोलायला सुरुवात केली ती थांबेचनात. "पहिल्या खेपेले वाऱ्यानं मारलं, ह्या खेपेले तुमच्या हातानं! चुन्यावर पाणी टाकलं तं तो उकयते, एवढं मले घरात बसून समजते, अन् तुमी त्या औषधात गोमूत्र कालवता? कायले गेले होते अंधारात, कोणाले न सांगता?"

"शालिग्रामच्या पाठीकडे पाहवलं नाही मले," भगवंतराव म्हणाले.

मग त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. निम्मा झटकलेला चमचा, फिक्कट पट्टी, खोटं 'हाव'. तनुजा ऐकत राहिली. तिला राग आला असावा, पण ती म्हणाली, "तुम्हाला एकट्याला त्या डब्याजवळ सोडलं ही माझी चूक. ही पाण्याची जबाबदारी मी दुसऱ्या कुणाला देते."

"नाही," भगवंतराव म्हणाले. "आता मले नीट शिकव. भिऊन नाही करत आता. समजून करतो."

दोघांनी मिळून सुरुवातीपासून मांडणी केली. टब रिकामा केला, घासला, गाळणी धुतली, नवं पाणी भरलं. क्लोरीनसाठी खोपीपासून दूर, कोरड्या आणि हवेशीर जागी कुलपाचं कपाट आलं. त्यात दुसरं काहीच ठेवायचं नाही, ना खत, ना अर्क, ना आणखी कुठलं रसायन. चमचा आणि बादली त्याच कामाची, कोरडी. भगवंतरावांना एक गोष्ट विशेष पटली. औषध पाण्यात टाकायचं, पाणी औषधावर कधीच नाही. एका वेळी एकच रसायन. ते टाकताना खिडक्या उघड्या, फवारे चालू, टबावरचं झाकण काढलेलं, आणि आत माणूस नाही. मग थांबायचं, पट्टी बुडवायची, रंग जांभळा आला तरच दार उघडायचं. जास्त गडद आला तरी दार बंदच, उतरेपर्यंत वाट पाहायची.

केंद्र पुन्हा सुरू करायच्या आधी ते शालिग्रामांच्या मळ्यात गेले. पुटकुळ्या वाळत आल्या होत्या.

"माही चूक झाली, शालिग्राम. औषध कमी टाकलं म्या."

शालिग्रामांनी मिरच्यांतलं एक तण उपटलं. मग म्हणाले, "आता तू सांगितलंच तं मीबी सांगतो. तुही सून म्हणे, आंघोय करून येजा, आंगाले काही लावू नोका. अन् तुही वहिनी मले रोज कमरेले तिळाचं तेल चोपडून पाठवे. म्या म्हटलं, गरम पाण्यात तेल चांगलं मुरंल."

"अरे, म्हणून तो फेस येत होता!"

"येत असंल बापा."

दोघंही इतके हसले की शालिग्रामांची कंबर पुन्हा दुखली.

त्या दिवसापासून भगवंतराव दारात खुर्ची टाकून बसायला लागले. येणाऱ्याला ते आधी विचारत, "आंघोय झाली? तेल लावलं काय?" ज्यानं लावलं असेल त्याला न्हाणीघराची वाट दाखवत. एखादी म्हातारी रागावली तर तिला बाजूला बसवून शालिग्रामांची गोष्ट सांगत. शालिग्राम तिथंच असले तर सदरा वर करून जुन्या खुणा दाखवायलाही तयार असत, आणि बायका तोंडाला पदर लावून हसत. अनसिंगच्या गोमतीबाई पहिल्यांदा सुनेच्या खांद्याचा आधार घेत आल्या होत्या. हिवाळा सरता सरता त्या बसमधून एकट्या उतरू लागल्या. येताना कधी हुरडा आणत, कधी बोरं.

कस्तुराबाईही रोज पाण्यात उतरत. गुडघे काही नव्यासारखे झाले नाहीत. पण एका सकाळी भगवंतराव मेथीच्या वाफ्याशी गेले तर त्या आधीच तिथं होत्या, लाकडी पाटावर बसून जुड्या बांधत.

"उठता येईल ना?" त्यांनी विचारलं.

"बसली म्हणजे उठीनच," त्या म्हणाल्या आणि पुढची जुडी घेतली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कांदे काढताना भगवंतरावांची पाठ भरली. रविवार होता, केंद्र बंद. त्या दिवशी पट्टी तनुजानं बुडवली आणि त्यांच्यासमोर धरली. रंग बरोबर होता. दिनेशनं हात दिला. इतके महिने ते पाणी सांभाळणारे भगवंतराव पहिल्यांदा पायऱ्या उतरून त्यात बसले. फवारे सुरू झाले. ते आधी ताठ बसले, मग खांदे सैल पडले, मग मान कठड्याला टेकली.

"काय वं," शेवटी ते डोळे न उघडता म्हणाले, "एवढं सुख असते यात, तं मले काहून नाही सांगितलं कोणी?"

"रोज तं सांगून राह्यलो आमी!" पायऱ्यांशी उभ्या कस्तुराबाई म्हणाल्या. "आता सरका तिकडे. मले बी उतरू द्या."