मास्तरांची फुलपाखरं आणि माझ्या कोंबड्या

आमच्या मास्तरांनी आयुष्यात शेजाऱ्याशी एकदाच भांडण केलं, आणि तेही फुलपाखरांवरून.

साल छप्पन-सत्तावन असेल. अकोल्याकडच्या माळ्याच्या घरातून मी लग्न होऊन अमरावतीला आले. नवरा शाळेत मास्तर. अंगणात कढीनिंब, लिंबू, झेंडू. मला वाटलं, शहाणा माणूस मिळाला, फोडणीची सोय करून ठेवली!

"हे फुलपाखरायसाठी हाय. तोडू नको," मास्तर म्हणाले.

(मी तोडायचेच. वरण काय फुलपाखरं करणार होती?)

रोज चहाआधी ते झाडांपुढे उभे राहून फुलपाखरं मोजत.

"मोजून काय पिकते?" मी विचारलं.

"अवं, ते कमी झाले का समजाचं, आसपास काईतरी बिघडलं. माणसाले मागून कळते, त्यायले आधी."

आणि फुलपाखरं खरंच कमी व्हायला लागली! मास्तरांचं जेवणावरून मन उडालं. त्यात रविवारी हेडमास्तर बाग बघायला येणार. मास्तरांनी शाळाभर फुशारकी मारून ठेवलेली!

हेडमास्तर आले. अंगणात एक फुलपाखरू नाही. मास्तर तडक कुंपणाशी गेले. पलीकडे दामूभाऊ वांग्यांना पाणी देत होते.

"दामूभाऊ, तुमच्या त्या किडे माराच्या पावडरीनं माहे फुलपाखरं मेले!"

"काऊन बाप्पा? औंदा पावडर आणलीच नाई! माह्या वांग्यात येऊन पाहा, किडेच किडे हाय!"

"मंग आमच्याच झाडावर काऊन काई नाई?"

नवरा एकटा पडलेला बघून मी पदर खोचून पुढे झाले.

"कसं असंन? माळ्याची लेक हाव मी! कढीनिंबावर, लिंबावर येक अळी टिकू देत नाई. रोज वेचून साऱ्या कोंबड्यायच्या पोटात!"

हेडमास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली, जणू कोणी वारलं.

मास्तर हळूच म्हणाले, "अवं, त्या अळ्यायचेच फुलपाखरं होतेत."

"त्या घाणेरड्या अळीचं? मले येडी समजता का?"

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुस्तकात अळी होती, फुलपाखरूही होतं, पण वेगवेगळ्या पानांवर!

दामूभाऊ कुंपण धरून हसत सुटले. "तरीच म्हटलं, वहिनी, तुमच्या कोंबड्या औंदा लय माजल्या!"

मोजणी कशाला करायची, हे मला त्या दिवशी पटलं. बिघाड नेमका कुठे आहे ते कळतं. पुढे मास्तर रोज सकाळी आधी मी कुठे आहे ते बघायचे, मग कोंबड्या कोंडायचे, आणि मगच फुलपाखरं मोजायला जायचे.