माफीपत्र घेऊन पाळीला

बसच्या प्रवासाने अंग आंबले होते, पण पेडण्याला उतरलो तेव्हा मन अगदी ताठ होते. पिशवीत मी स्वतः लिहिलेले माफीपत्र होते. त्यावर सही मात्र माझ्या धाकट्या भावाची, दाविदची, हवी होती.

तीस वर्षे मी मिरजेकडे गणिताचा मास्तर होतो आणि आता आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा पंच आहे. दोन वर्षांपूर्वी प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) दिवशी दाविदच्या तोंडाला दारूचा वास आला. मी उभा राहून भर मंडळीत तसे सांगितले. तो उठून गेला तो गेलाच, आणि इकडे गोव्यात पाळीला खाणीच्या ट्रकांचा मेकॅनिक झाला. त्याने सही करावी आणि प्रभूच्या मेजाशी परत यावे, एवढ्यासाठी मी निघालो होतो. माफीपत्रातून ‘दारू’ हा शब्द मी मोठ्या मनाने गाळला होता.

आधी हरमलला गेलो. समुद्र बघायचा होता आणि स्कूटरही तिथेच भाड्याने मिळते. वाळूत होड्या ओढून ठेवलेल्या, त्यांवर जाळी वाळत घातलेली. अर्धे कपडे घातलेले पर्यटक पाहून मी मनातल्या मनात सगळ्यांना नापास केले. मग स्कूटर घेतली, पिशवी सीटखाली ठेवली आणि किनाऱ्यावरच्या पार्वतीबाईंच्या गाड्यावर उंडो (गोल, कडक पाव) आणि पातळ भाजी हाणली. भाजी अशी झकास की दोनदा मागितली.

उठलो, स्कूटरची सीट उघडली आणि हबकलो. आत दोन नारळ आणि एक कोयता! पिशवी गायब.

“बाई, तुमच्या दारात चोरी झालीय!” मी ओरडलो. “इथे तुमच्याशिवाय होतं कोण?”

“वीस वर्सां गाडो लावतंय, भाऊ,” पार्वतीबाई म्हणाल्या. “कोणाचो रुमाल पण गेलो नाय.”

शेजारच्या बाकावर लुंगीतले एक गृहस्थ शांतपणे चहा पीत होते. “पात्रांव (साहेब), ती गाडी माझी,” ते म्हणाले. “कुलूप झिजलाहा, कोणाची पण चावी लागता. तुमची ती पलीकडची. भाड्याच्या गाडीची नंबराची पाटी काळी असता.”

दोन्ही स्कूटरी करड्या. पलीकडच्या गाडीत पिशवी सुखरूप होती. “असं होय!” म्हणालो, पैसे ठेवले आणि निघालो.

ते गृहस्थ सर्वणचे शेतकरी, गुरुदास. लेकीला भेटायला हरमलला आले होते. सर्वण डिचोलीजवळच, म्हणजे माझ्याच वाटेवर, म्हणून त्यांच्या मागोमाग गेलो. घरी नेऊन त्यांनी पाणी दिले आणि पाळीला काय काम, असे विचारले. मी सगळी हकिगत रंगवून सांगितली.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “भाव माफी मागतलो, बरां झालां. पण तुमी पार्वतीक मागलात?”

मेल्याहून मेल्यासारखे झाले. प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने आधी स्वतःला पारखून घ्यावे, असे मंडळीला दर महिन्याला मीच बजावतो. आपण हे शेवटचे कधी केले, ते मला आठवेना. तीस वर्षे लाल शाई दुसऱ्यांच्याच वह्यांवर चालवली होती.

पाळीला झाडांच्या पानांवरही तांबडी धूळ होती. दाविद एका ट्रकखालून बाहेर आला. “अण्णा? तू?”

मी पिशवीला हात लावला नाही. “दाविद, त्या दिवशी तुला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. मी चुकलो रे.”

त्याने फडक्याने हात पुसले. “प्यालो होतो मी, अण्णा. खोटं नाही ते. रूथला जाऊन महिना झाला होता. तू मातीला आलास, नंतर एकदाही घरी फिरकला नाहीस.”

रूथ, त्याची बायको, वारली तेव्हा आमची घरे दोन गल्ल्यांच्या अंतरावर होती. मला रडू आवरले नाही.

त्याने खोलीवर नेऊन बांगड्याचे तिखले (तिखट कालवण) वाढले. “परत येशील?” मी निघताना विचारले. “आज नको विचारू,” तो म्हणाला, पण स्कूटरपर्यंत सोडायला आला.

हरमलला स्कूटर परत करून थेट गाड्यावर गेलो. पार्वतीबाईंना हात जोडले, “बाई, तुम्हाला चोर म्हणालो. माफ करा.”

“जाऊ दे, भाऊ,” त्या म्हणाल्या. “उंडो खातलात?”

परतीच्या बसमध्ये माफीपत्र उघडले. ‘माझ्या वागण्याने मंडळीची मान खाली गेली. एका भावाचे मन दुखावले. प्रभूच्या मेजाचा मान मी राखला नाही. मला क्षमा करा.’ खिशातल्या लाल पेनाने खालचे दाविदचे नाव खोडले आणि माझे लिहिले. रविवारी भर मंडळीत उभा राहून ते वाचले. वरच्या मजकुरातला एक शब्दही बदलावा लागला नाही.