सातवं कडवं

नोरीनच्या पबची मागची खोली साठ माणसांची. सत्तर आली तर एकमेकांच्या मांडीवर बसायची पाळी, आणि त्या रविवारच्या दुपारी पंच्याऐंशी तिकिटं खपली होती. बाईचा पारा सकाळपासून चढलेला. 'पाच वल्ही' येणार होती ना! पाच नावाजलेल्या बँडमधून एकेक मोहरा उचलून जमवलेला बँड. डब्लिनला त्यांच्यासाठी लोक पावसात रांगा लावतात. ही मंडळी आयर्लंडच्या पश्चिमेला, कॉनेमाराच्या टोकाला, आमच्या खारट भिंतींत कशाला कडमडणार? पण त्यांची गाणारी, एमर, फोनवर म्हणाली होती, "गाणं जिथलं असेल तिथे आधी वाजवायचं, मग जगात."

कुठलं गाणं, ते नोरीनने विचारलं नाही. चूक तिथेच झाली.

नोरीन सहासष्टची. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. तिच्या खोलीत गाणं चालू असताना कुणी कुजबुजलं, की ती पितळी ट्रेवर मूठ हाणायची. एकदा तिने खुद्द पाद्रीबाबांना गप्प केलंय. हक्कच होता तो तिचा. घरमालकीण ट्रे वाजवते तेव्हा गाणाऱ्यानेही थांबायचं असतं.

बाराच्या सुमाराला ती माशांच्या सुपासाठी बटाटे चिरत होती. पलीकडे बँड वाद्यं जुळवत होता. तेवढ्यात एमरने आवाज लावला आणि नोरीनची सुरी बटाट्यातच थांबली. गाणं तिच्या आईचं होतं.

एकोणऐंशी सालच्या ऑक्टोबरात तिचा भाऊ फेस्टी आणि त्याचा जिवलग कोलमन डांबर फासलेली होडी घेऊन खेकड्यांचे पिंजरे उचलायला गेले. वारं फिरलं, होडी पालथी झाली. दोघांनी एकाच दोराने स्वतःला बांधून घेतलं होतं, असं कोलमनच म्हणाला. कोलमन पोहत आला. फेस्टी तीन दिवसांनी आला, लाटांबरोबर, कमरेला दोराचा तुकडा. "दोर तुटला," कोलमन म्हणाला. आईने ते टोक बोटांत धरून पाहिलं. दोर तुटला की त्याचे धागे पिंजारतात. हे टोक सरळ होतं, सुरीने कापलेलं.

आईने लेकासाठी विलापगीत रचलं, सहा कडव्यांचं. अजूनही कुणी गेलं की गाव ते म्हणतं. सातवं कडवं ती फक्त स्वयंपाकघरात, दार लावून म्हणायची. त्यात कोलमनचं नाव होतं. "बाहेर बोलायचं नाही हां, नोरीन. याच गावात दिवस काढायचेत आपल्याला." पण एकदा टेपयंत्र घेऊन एक माणूस आला होता, त्याच्यापुढे म्हातारपणी आईने सातही म्हटली. टेप डब्लिनच्या कुठल्या कपाटात पडून राहिली.

आणि कोलमन? दर जूनला पाणथळातून जळणाच्या मातीच्या विटा, पीट, कापायचा आणि स्वतःच्या आधी नोरीनच्या भिंतीला रचून जायचा. पंचेचाळीस वर्षं! उंबरा कधी ओलांडला नाही, आणि तिनेही कधी चहा विचारला नाही. आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.

नोरीन ॲप्रनला हात पुसत खोलीत गेली. "किती कडवी म्हणणार आहेस ग?"

"सात," एमर म्हणाली. "मावशी, सातव्याला ढोल येतो. अंगावर काटा येतो बघा! टेपवर बाईंचं नावच नाही, नुसतं 'कॉनेमाराची एक स्त्री'."

"ती स्त्री माझी आई."

गिटारवाल्याने गिटार खाली ठेवली. ज्याचं गाणं त्याला विचारल्याशिवाय त्याच्यासमोर गायचं नाही, एवढं तर शहरातल्या पोरांनाही कळतं. "चुकलंच आमचं," एमर म्हणाली. "तुम्ही नाही म्हणा, गाणंच गाळते. नाहीतर फक्त सातवं गाळू का?"

नोरीनच्या तोंडाशी 'गाळ' आलं होतं. पण तिला फेस्टीची सुजलेली कंबर दिसली, आई दिसली, दार लावून गाणारी. किती दिवस दार लावायचं? "म्हण," ती ठसक्यात म्हणाली. "सगळी म्हण. ऐकू दे गावाला."

तीन वाजता खोली खचाखच भरली. आणि दारातून कोण आत यावं? कोलमन. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी, मान खाली. कुणीतरी सरकून त्याला दुसऱ्या रांगेत जागा दिली.

हा आज कसा तडमडला? सातवं गाळ म्हणून एमरला सांगायला नोरीन वळली, पण मध्ये पंच्याऐंशी माणसं, आणि ढोलावर टिपरी पडलीसुद्धा. दोन गाणी कशी संपली तिला कळलं नाही. मग एमरने नोरीनकडे पाहून मान झुकवली. "हे गाणं या घरातलं आहे. परवानगी घेतली आहे."

पहिलं कडवं. दुसरं. लोक डोळे मिटून ओठ हलवत होते. बारच्या फळीला धरून नोरीन मोजत होती. तिसऱ्याला व्हायोलिन आलं. चौथ्याला कोलमनची टोपी त्याच्या मुठीत चुरगळली. म्हातारा बहात्तरीकडे झुकलेला, अंगात नुसती हाडं. या माणसाने कापलेल्या पीटवर आपण पंचेचाळीस हिवाळे शेकलो, आणि आता त्यालाच गावापुढे उघडं पाडायचं? पाचवं. सहावं. ढोलवाल्याने हात उचलला.

नोरीनने ट्रेवर मूठ हाणली.

सगळं जागच्या जागी थांबलं. एमर 'आ' वासून बघत राहिली. "संपलं गाणं," नोरीन म्हणाली. "सहाच कडवी आहेत."

कोलमन उठला. "नाही, नोरीन. एक राहिलंय."

"खाली बस, कोलमन."

"तुझी आई म्हणायची तेव्हा मी तुमच्या खिडकीबाहेर असायचो. पीट रचत." त्याने टोपी खुर्चीवर ठेवली. "कुणीतरी चारचौघांत म्हणेल म्हणून वाट पाहिली. आता माझ्याच्याने थांबवत नाही."

आणि तो गाऊ लागला. वाद्य नाही, काही नाही. आवाज फाटका, सूर जेमतेम. आईने 'तू' म्हटलं होतं, तिथे त्याने 'मी' म्हटलं. दुसऱ्या ओळीलाच त्याचा श्वास अडकला.

आमच्यात अवघड गाणं गाणाऱ्याचा हात शेजारचा माणूस हातात घेतो आणि जात्याचा खुंटा फिरवावा तसा हळूहळू फिरवत राहतो, म्हणजे सूर सुटत नाही. कोलमनच्या शेजारचे दोघे मात्र दगडासारखे बसून राहिले. कुणी हात पुढे केला नाही.

नोरीन बारमागून निघाली. लोक बाजूला झाले. तिने त्याचा हात धरला आणि फिरवू लागली. ती ढसाढसा रडत होती आणि हात फिरवत होती.

शेवटची ओळ गायची नसते, बोलायची असते. कोलमन बोलला, "दोर तुटला नाही. दोर मी कापला."

टाळी पडली नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईने तोंडात पदर कोंबावा तसा रुमाल कोंबला. कोलमनचा हात अजून नोरीनच्याच हातात होता.

"चल आत, स्वयंपाकघरात," ती म्हणाली. "चहा ठेवते. साखर किती घेतोस, तेही ठाऊक नाही मला."