आमच्यात असलं काही नाही

खोटं बोलता तुम्ही. तोंडावर, हसून, वर चहा पाजून! "आमच्यात जातधर्म असलं काही नाही" हे वाक्य मी इतक्या ओट्यांवर ऐकलंय, की आता ते कानावर आलं की पेन बंद करावंसं वाटतं.

मी नगरच्या एका कॉलेजात विनायक सरांची रिसर्च असिस्टंट. सर सामाजिक मानसशास्त्राचे प्राध्यापक. माणसं परक्या माणसांविषयी आधीच काय ठरवून बसतात, याच्या अभ्यासात त्यांनी अख्खी हयात घालवली. रिपोर्टमध्ये न मावणारे किस्से मग आमच्याकडे साचत जातात. लोक ऐकून हसतात, मला राग येतो. सर आता निवृत्त होतील. त्यांची एकच इच्छा आहे: जाण्याआधी माणसं बदललेली एक तरी जागा बघायची.

*

सर्व्हेला गेल्यावर आडनाव सांगायचं नाही, हा सरांचा नियम. आडनाव कळलं की उत्तरं बदलतात.

मिरजगावात एका आजोबांनी सगळ्या प्रश्नांना "आमच्यात असलं काय न्हाई" म्हणून सांगितलं. मग त्यांची पाळी.

"आडनाव काय, पोरी?"

"ते नाही सांगत आम्ही."

"बरं, मामाचं?"

"आजोबा, कशाला पण?"

"आता गं! च्या कोनच्या कपात द्यायचा, ते नको का ठरवाया?"

*

कॉलेजात सरांचं पूर्वग्रहांवर व्याख्यान झालं. स्टाफरूममध्ये एक प्राध्यापक जवळ येऊन हळूच म्हणाले, "उत्तम! पण हे आधी त्या लोकांना ऐकवा." ते गेले. 'त्या लोकां'तले एक प्राध्यापक आले. "सर, ग्रेट! पण हे आधी त्यांना ऐकवा."

सर म्हणाले, "चला, एकमत तरी झालं!"

*

माझी सहकारी रेहाना भिंगारमध्ये खोली शोधत होती. तिनं फोन केला. मालक म्हणाले, "आत्ताच गेली." तासाभरानं मी केला. "रिकामी हाय की ताई, कधी येता बघायला?"

सरांनी लगेच नोंद करायला सांगितलं. रेहाना म्हणाली, "सर, डेटा मिळाला. खोली कधी मिळणार?"



*

आणि ही अभ्यासिका.

मिरजगावच्या पुढच्या एका गावात सरांनी ती सुरू केली. गावातली आणि वस्तीवरची मुलं एकाच टेबलावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणार, एकाच जारचं पाणी पिणार. सरांचा शेवटचा प्रयोग. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी जायचो. मुलं खांद्याला खांदा लावून बसलेली. प्रश्नावलीतही एकमेकांविषयीची उत्तरं महिन्यागणिक गोड होत गेलेली.

परवाच्या बुधवारी सरांनी शेवटची प्रश्नावली भरून घेतली. दारात उभे राहून त्यांनी चष्मा पुसला, मग डोळे. मला म्हणाले, "बघ. होतं. वेळ लागतो, पण होतं."

अभ्यासिकेची किल्ली सांभाळणारे ज्ञानूमामा आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले. सर म्हणाले, "मामा, आता मी मोकळाच होणार. मनात येईल तेव्हा येत जाईन."

"या की सर. फकस्त आदल्या दिवशी फोन करा. सकाळची पोरं आन् संध्याकाळची पोरं एका टायमाला बसवायची म्हंजी लई पळापळ हुती!"